खोलीची इंटरव्हल

दोन हजार एकवीस सालच्या दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, आठ नोव्हेंबर. एसीची रक्कम एकोणपन्नास हजार आठशे, बसवणावळीसह. हजर माणसं पाच: दुकानातून आलेले दोन फिटर, तिसऱ्या मजल्यावरचे हबीबभाई, खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी, आणि मी. मी तळमजल्यावर राहतो आणि गारखेड्यातल्या आमच्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीचा खजिनदार आहे. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीचा माणूस समोर असावा असा आमचा ठराव आहे, म्हणून मी टेप घेऊन वर गेलो होतो.

भोक पडलं, नळ्या जोडल्या, यंत्र भिंतीवर चढलं. मोठ्या फिटरनं रिमोट पुढं केला, पण हबीबभाईंनी तो घेतला नाही.

"थांबा जरा. पहिले पंखा बंद करा. बाजूच्या खोलीतला टीव्ही बंद करा. मला आवाज ऐकू द्या."

"चाचा, हा नवा माल हाय. याला आवाजच नाय," फिटर म्हणाला.

"बिनआवाजाचं मशीन अजून बनायचंय, बाळा."

त्यांनी मान तिरपी करून आतल्या यंत्राचं ऐकलं. मग खिडकीशी जाऊन बाहेरच्या यंत्राचं ऐकलं. दोन्हीकडं समाधान झाल्यावर म्हणाले, "बारीक हाय, पण हाय. आता बिघडलं तर मला कळंल." आणि मग रिमोट घेतला.

हबीबभाईंनी उभी हयात जुन्या शहरातल्या एका थिएटरात मशीन ऑपरेटर म्हणून काढली होती. ते थिएटर आता बंद आहे. तिथं लग्नाच्या मंडपाचं सामान ठेवतात. ते स्वतः किडकिडीत, पांढऱ्या कुर्त्यात, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता कान त्याच्याकडं करणारे. आयुष्यभर त्यांनी पिक्चर पाहिले त्याहून जास्त ऐकले. मशीनच्या खडखडाटातला एक दात चुकला तरी पडद्यावर काही दिसायच्या आत त्यांना कळायचं. चालू यंत्राकडं पाठ करून बसायचं नाही, हा नियम त्यांनी थिएटर सुटल्यावरही सोडला नाही. आमच्याकडं चहाला आले तरी मिक्सर चालू असला की स्वयंपाकघराकडं तोंड करून बसत. माझी बायको वैशाली म्हणायची, "हबीबभाई, चटणी वाटतेय, पळून नाही जायची."

"वहिनी, मशीन पळत नाय. माणसाचं ध्यान पळतं."

मला ते खजिनदारसाहेब म्हणत. त्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडा मान.

आता हा एसी साधा नव्हता. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा होता. सोसायटीत त्यावरून बरेच दिवस करमणूक झाली. गारखेड्यात पंखा नाताळातसुद्धा एकवर चालतो, तिथं हे पन्नास हजारांचं गरम वारं कशाला? आमचे अध्यक्ष शिंदे जिन्यात म्हणाले, "हबीबभाई, डिसेंबरच्या गारठ्यातून ऊब काढताय म्हणे. आता दगडातून तेल काढा."

"काढतो की. रीळ उलटी फिरवायची, झालं," हबीबभाई म्हणाले. "उन्हाळ्यात घरातली गर्मी उचलून बाहेर टाकायची. हिवाळ्यात बाहेर जी काय थोडीफार हाय ती गोळा करून आत आणायची. मशीन तेच, पिक्चर उलटा."

मी इतक्या वेळा इतक्या लोकांकडून हे यंत्र समजून घेतलं, पण अजून मुलांना सांगताना हेच सांगतो.

कारण होतं ते भाभींच्या छातीचं. चुलीच्या धुरात आणि पुढं कोळशाच्या शेगडीवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. फुप्फुसं अधू झाली होती. आदल्या जानेवारीत थंडी वाजते म्हणून त्यांनी खोली बंद करून शेगडी पेटवली आणि जवळ घेऊन झोपल्या. हबीबभाई पहाटेच्या नमाजला गेले होते. परत आले तर भाभींना उठवून बसवता येईना. डोकं जड, ओकाऱ्या, बोलणं अडखळत. धूर तर कुठंच दिसत नव्हता. त्यांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, मग मला हाक मारली, आणि आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, निखाऱ्याचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, बंद खोलीत शेगडी म्हणजे मरणच. वाचल्या हे नशीब. यापुढं खोलीची हवा बारा महिने एकसारखी ठेवा. धूर नको, धूळ नको, कूलरची ओलही नको. अशा फुप्फुसांत दमा उसळला तर सांगता येत नाही.

म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ती दहा बाय बाराची खोली नीट राहिली तर भाभी नीट राहणार होत्या. हबीबभाईंनी पुन्हा ड्युटी धरली.

दर दुसऱ्या शुक्रवारी नमाजहून आले की जाळ्या धुवायच्या. त्याची एक रीत होती. आधी रिमोटनं यंत्र बंद. मग भिंतीवरचं मोठं बटण बंद. मग बटणावर कपड्याचा चिमटा लावायचा, म्हणजे कुणी चुकून चालू करू नये. मग स्टूल. एकदा मी विचारलं, रिमोटनं बंद केलंय ना, मग एवढं कशाला?

"खजिनदारसाहेब, रिमोटनं बंद केलं म्हणजे पडदा पडला. केबिनमधलं मशीन चालूच हाय. पडदा बघून मशीनमधी हात घालणारा ऑपरेटर फार दिवस ऑपरेटर राहत नाय."

जाळ्या साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायच्या; उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. ओल्या परत लावायच्या नाहीत. खोलीत उदबत्ती नाही, फवारे नाहीत. त्याच लाइनवर इस्त्री नाही, मिक्सर नाही. उन्हाळ्यात सव्वीसच्या खाली जायचं नाही. आणि यंत्र बंद केल्यावर पाच मिनिटं तरी पुन्हा चालू करायचं नाही. या थांबण्याला ते इंटरव्हल म्हणायचे. "त्याचा दम बसू द्या. पहिली रीळ संपली की दुसरी लगेच लावली तर मशीन तापतं."

पहिल्या हिवाळ्यात बाहेरच्या यंत्रातून पाणी गळायला लागलं. खाली दुसऱ्या मजल्यावर सिंधूताई भालेराव राहतात. त्यांची वाळत घातलेली चादर भिजली. त्या जिन्यातूनच ओरडल्या, "ओ हबीबभाई, तुमचा एसी माझ्या चादरीवर मुततोय बघा."

"ताई, उन्हाळ्यात तो आत घाम गाळतो, हिवाळ्यात बाहेर. त्याचा धर्मच तसा हाय."

"त्याचा धर्म राहू द्या. चादर कोण धुवील?"

चादर हबीबभाईंनी धुतली. खरंच धुतली, गच्चीवर, सिंधूताई नको नको म्हणत असताना. दुसऱ्या दिवशी यंत्राखाली ताटली आणि नळी लागली, आणि नळीचं तोंड सिंधूताईंच्या जास्वंदीत सोडलं गेलं. त्यानंतर एक महिना पाणी आलं नाही तर त्याच विचारायला आल्या, "काय हो, बिघडलं का काय?"

एप्रिलमध्ये ते विजेचं बिल घेऊन माझ्याकडं आले. "हिशोब तुमचा प्रांत. सव्वीसवरच ठेवतो, जाळी साफ हाय, आवाज बरोबर हाय. तरी युनिट अंदाजाच्या दुप्पट. मीटर खराब झालं का?"

मी मीटर तपासलं. ते ठीक होतं. मग वर गेलो. यंत्र जोरात चालू होतं आणि पडद्यामागं खिडकी चार बोटं उघडी होती.

ही आमच्या गावची जुनी खोड. इथली सगळी घरं कूलरवर वाढलेली. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो, हे लहान मूलसुद्धा जाणतं. एसी आला तरी हात खिडकीकडं जातोच. मला वाटलं, उत्तर सापडलं. हबीबभाईंनाही तसंच वाटलं.

"खिडकी तू खोली क्या?" त्यांनी भाभींना विचारलं. घरात ते दखनीत बोलत. "कूलर बाहर की हवा अंदर लेता. ये अंदर कीच हवा फिराता. खिडकी खुली रखे तो पूरे गारखेडे कू थंडा करना पडता इसकू."

"मालूम है जी," भाभी म्हणाल्या. "चार बार बोले तुम."

"फिर कायकू खोलती?"

 मी निघायला उठलो तर भाभींनी हातानंच बसा म्हटलं. मला वाटतं, साक्षीदार हवा होता. मग म्हणाल्या, "बंद कमरे में आँख लगी के मेरेकू वो सुबू याद आती. शेगडीवाली. लगता, अब के नै उठूंगी."

हबीबभाई यंत्राकडं तोंड करून बसले होते. ते उठले, खुर्ची उचलली, आणि यंत्राकडं पाठ करून भाभींच्या समोर बसले. मी त्यांना तसं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"बंद नै रखते," ते म्हणाले. "इंटरव्हल रखते."

दुसऱ्या दिवसापासून खोलीला इंटरव्हल सुरू झाली. सकाळी ऊन चढायच्या आधी, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. हबीबभाई दारात उभे राहून थिएटरातल्या पोऱ्यासारखी आरोळी ठोकायचे, "इंटरव्हल! चाय गरम, शेंगदाना!" यंत्र बंद. खिडकी सताड उघडी. दोघं खिडकीशी बसून चहा प्यायचे, रस्त्यावरची भाजीची गाडी, शाळेच्या रिक्षा बघायचे. मग खिडकी बंद, कडी लावून, भाभींच्याच हातानं. ते म्हणायचे, कडी तिच्या हातात पाहिजे. आपण बंद केलेलं आपल्याला उघडता येतं, ही खात्री आतून यावी लागते. रात्री झोपताना त्या एकदा खिडकी उघडून पुन्हा लावून बघत. त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, चांगलंच आहे, बंद खोलीला ताजी हवा लागतेच. पुढच्या बिलात युनिट उतरले. पण ते आकडे मी वर नेऊन दाखवले तेव्हा कुणी फारसं बघितलं नाही. भाभी म्हणत होत्या, "आज इंटरव्हल लंबा करो जी. पिक्चर बोर है." आणि हबीबभाई म्हणत होते, "तिकीट सांभाल के रखो, वापस अंदर आना है."

हबीबभाई चुकत नसत असं नाही. मेच्या मध्यात पारा बेचाळिसावर गेला. त्यांच्या थिएटरात जुन्या काळी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारत. ती आठवण कुठून तरी वर आली आणि त्यांनी बाहेरच्या यंत्राला वाळ्याची ओली ताटी गच्च बांधली, बिचारं उन्हात तापतंय म्हणून. दुपारी दोनला यंत्र बंद पडलं. त्यांनी आवाजावरून ओळखलं की त्याचा श्वास अडकलाय, पण अडकवला कुणी हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

दुरुस्तीवाला संतोष आला. खिडकीतून वाकून बघितलं आणि हसायला लागला. "चाचा, याला गोधडी पांघरली का काय? ह्यो गरम वारा बाहेर फेकतो. तोंडावरच उशी दाबली तुम्ही."

"दाबली खरी," हबीबभाई म्हणाले. "ऑपरेटरचीच चूक. लिहून घे."

ताटी सोडायला आणि यंत्र तपासायला बाहेरच्या छज्ज्यावर उतरावं लागणार होतं. संतोषनं चपला काढल्या आणि एक पाय खिडकीबाहेर टाकला. हबीबभाईंनी त्याचा शर्ट धरला.

"कमरेचा पट्टा कुठं हाय?"

"गाडीत बी नाय, दुकानात हाय. काय होतंय चाचा, पाच मिन्टाचं काम."

"दुकानातून घेऊन ये."

"आज नाय जमायचं मग. दुकान शेंद्र्याकडं हाय, मला अजून चार घरं करायचीत. उद्या येईन. भाभींचे हाल व्हतील बघा."

आत भाभींना धाप लागायला सुरुवात झाली होती. खोली तापत होती. हबीबभाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा छज्ज्याकडं. मला वाटलं, आता ते सोडतील शर्ट. त्यांनी सोडला तो संतोषचा पाय आत आल्यावरच.

"उद्या ये. पट्टा घेऊन ये. एकीच्या श्वासासाठी दुसऱ्याच्या आईचा श्वास घ्यायचा नाय."

त्या दुपारी आम्ही भाभींना हळूहळू खाली आणलं. आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वैशालीनं ओल्या फडक्यानं त्यांचे तळपाय पुसले. हबीबभाई शेजारी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत होते. संध्याकाळपर्यंत हात थांबला नाही. दुसऱ्या सकाळी संतोष पट्टा आणि दोर घेऊन आला. उतरायच्या आधी त्यानं दोराची गाठ स्वतःहून हबीबभाईंना दाखवली.

पण त्या दिवशी जिना आम्हा सगळ्यांच्या लक्षात आला. भाभी खाली आल्या होत्या, पण वर जाताना त्यांना प्रत्येक वळणावर बसावं लागलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पुढं दिवाळीत त्या आठ दिवस दवाखान्यात होत्या आणि परत आल्या त्या खुर्चीतून, चौघांनी उचलून. त्यांची मुलगी शबाना दौलताबादला असते, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, थोडी शेती आणि अंगणाचं घर. ती म्हणाली, अम्मीला आता तळमजल्यावर ठेवा, माझ्याकडं या.

भाभी तयार होईनात. त्यांना लेकीकडं जायचं नव्हतं असं नाही. या खोलीशिवाय झोप लागणार नाही, श्वास कोंडेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दौलताबादला थंडी जास्त, आणि नव्या खोलीत पुन्हा ते बंद दार. "वहाँ रात कू कुछ हुआ तो?" एवढंच त्या म्हणत.

"कमरा साथ लेके जाते," हबीबभाई म्हणाले.

त्यांनी ते शब्दशः केलं. आधी एकटे जाऊन शबानाच्या घरची वायरिंग बघून आले. अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला गुंडाळलेली होती. ते पाहून त्यांनी तिथं जेवायलाही नकार दिला. अंगणात खड्डा खणून नीट अर्थिंग केलं, यंत्राला स्वतंत्र लाइन ओढली. जावई सलीम चेष्टेनं म्हणाला, "मामू, एसी लावताय का विहीर खांदताय?" खिडकी मात्र त्यांनी जुन्या खोलीच्या मापाचीच करवून घेतली, पलंगावरून हात पोचेल अशी, आणि कडी इथलीच काढून तिथं लावली.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते दौलताबादला निघाले. संतोषनं पट्टा बांधून, यंत्रातला वायू बाहेरच्या युनिटात गोळा करून, नळ्या बंद करून ते उतरवलं. टेम्पोवाला ते गाद्यांमध्ये आडवं घालायला निघाला.

"उभंच न्यायचं," हबीबभाई म्हणाले. "आडवं केलं तर आतलं तेल भलतीकडं जातं."

"चाचा, उभं राहायचं नाय ते. रस्ता कसा हाय माहितीय ना?"

"मग मी धरतो."

भाभी आणि शबाना पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. हबीबभाई मागं, दोन्ही हातांनी यंत्राला कवळ घालून. मी त्यांच्या शेजारी बसलो, म्हणून मला त्या दिवसाचा शेवट माहीत आहे. त्यांचं माझं ते शेवटचं भेटणं. पुढच्या पावसाळ्यात ते दुपारी झोपेत गेले, हे मला शबानानं फोनवर सांगितलं. तेव्हा मी परगावी होतो, जाता आलं नाही. मला ते आठवतात ते त्या रविवारचेच.

यंत्र चार वाजता बसलं. त्यांनी ते लगेच लावू दिलं नाही. "प्रवास करून आलंय. बसू द्या." ऊन उतरलं, अंगणात गारठा आला, सलीम दोनदा विचारून गेला. भाभी पलंगावर शाल गच्च धरून बसल्या होत्या आणि भिंतीकडं बघत होत्या. मग हबीबभाईंनी ऐकायला सगळ्यांना गप्प केलं आणि बटण दाबलं. थोडा वेळ नुसती गार झुळूक आली. भाभींचा चेहरा उतरला. "रीळ उलटी फिर रही है, थांब," ते म्हणाले. आणि मग ऊब आली.

भाभींनी हात लांब करून खिडकी उघडली. बाहेर कुणाची तरी बैलं घरी येत होती. त्यांनी खिडकी लावली, कडी लावली, आडव्या झाल्या. आम्ही बाहेर अंगणात चहा प्यायलो. हबीबभाई दाराच्या फटीशी कान लावून उभे होते. मला वाटलं, यंत्राचं ऐकत असतील. थोड्या वेळानं ते वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सो गई. श्वास बरोबर हाय."

मला त्याच टेम्पोनं परत यायचं होतं. ड्रायव्हरनं चावी लावली तसे हबीबभाई अनवाणीच धावत आले आणि त्याच्या हातावर हात ठेवला. टेम्पो जुना होता, सुरू होताना तोफेसारखा वाजायचा. काही न बोलता ते मागं गेले आणि ढकलायला लागले. मग सलीम, मग मी. गाडी आवाज न करता गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथं ते घामेजून उभे राहिले, घराकडं कान करून, एक हात वर धरून. हात खाली आल्यावरच ड्रायव्हरनं चावी फिरवली.

टेम्पोचं भाडं अठराशे ठरलं होतं. हबीबभाईंनी ड्रायव्हरला दोन हजार दिले. वरचे दोनशे कशाचे, असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, आवाज न केल्याचे.